पाऊस किती वाजता? आधी समुद्र किती लांब ते सांगा

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो: शहरात चोवीस तासांत ८२ मिमी. तो किती वाजता पडला, हे मात्र कुणी छापत नाही. गणपतीचा मंडप घालणाऱ्याला, नवरात्रात गरब्याचं मैदान सांभाळणाऱ्याला, बडोद्याजवळच्या पादऱ्याहून भाजी भरून पहाटे निघणाऱ्या टेम्पोवाल्याला आकड्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना वेळ हवी असते.

उष्ण कटिबंधातला पाऊस वेळेच्या बाबतीत वाटतो तितका लहरी नाही. त्याचं वेळापत्रक असतं, पण गावागणिक ते वेगळं असतं. समुद्र कोणत्या बाजूला आहे, किती लांब आहे आणि ढगांना ढकलणारा वारा समुद्रावरून येतोय की जमिनीवरून, एवढं कळलं की त्यातलं बरंचसं मांडता येतं. बडोदे खंभातच्या आखातापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. मुंबईचं घड्याळ इथे लागू पडत नाही आणि इंदूरचंही पुरतं नाही.

मूळ नियम सोपा आहे. जमिनीवर पाऊस दुपार ते संध्याकाळ, साधारण तीन ते सातच्या दरम्यान सर्वाधिक. खुल्या समुद्रावर मध्यरात्र उलटल्यापासून सकाळपर्यंत, त्यातही तीन ते सहाच्या सुमारास. जमिनीचं कारण सगळ्यांना माहीत असतं: ऊन, तापलेली माती, वर चढणारी हवा. पण मग पाऊस भर बाराला का पडत नाही? तापलेल्या हवेचा थर जाड व्हायला वेळ लागतो. सकाळी तो जेमतेम दोन-तीनशे मीटर असतो, दुपारपर्यंत एक-दीड किलोमीटर होतो, आणि तेव्हा कुठे तो वरच्या उबदार थराचं झाकण फोडतो. झाकण फुटल्यावरही पहिले ढग कोरड्या हवेत विरतात. त्यांनी वरची हवा पुरेशी दमट केली की मागून येणारे ढग उंच वाढतात. या सगळ्यात तीन-चार तास जातात.

समुद्राचं कारण वेगळं. पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान दिवसरात्रीत बहुधा अर्ध्या अंशानेही बदलत नाही. वारा पडलेला असेल आणि ऊन कडक असेल तर एक-दोन अंश. म्हणजे खालून दिवसा फारसा जोर मिळतच नाही. फरक पडतो वरून. रात्री ढगांचे माथे उष्णता अवकाशात टाकून गार होतात, वर गार आणि खाली उबदार अशी स्थिती होते, आणि ढग आणखी वाढतात. दिवसा तेच माथे ऊन शोषतात आणि वाढ मंदावते. म्हणून समुद्रावरचा पाऊस पहाटेचा.

किनाऱ्याजवळ काय होतं

जमीन आणि समुद्र यांची घड्याळं जवळजवळ बारा तासांनी विरुद्ध असतील, तर मधल्या पट्ट्यात कोणतं चालेल? दोन्ही. शिवाय एकातून दुसऱ्यात जाणारा पाऊस.

सकाळी दहा-अकराला समुद्राकडून वारा सुटतो. हा खारा वारा पाचशे ते हजार मीटर जाडीचा असतो आणि त्याची आघाडी ताशी ११ ते १८ किलोमीटर वेगाने आत सरकते. आघाडीवर गार दमट हवा तापलेल्या हवेखाली शिरते आणि तिला वर उचलते. ढगांची रांग तिथेच उभी राहते. म्हणून निरभ्र दिवशी थेट किनाऱ्यावरचं गाव दुपारी बऱ्याचदा कोरडं असतं आणि वीस-पंचवीस किलोमीटर आत गडगडाट चालू असतो. बेट किंवा द्वीपकल्प असेल तर दोन्ही बाजूंचे वारे मध्ये भिडतात. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या उत्तरेला तिवी बेटांवर पावसाळ्याच्या आगेमागे दुपारी तीनच्या सुमारास असा एक ढग इतक्या नेमाने उभा राहतो की त्याला ‘हेक्टर’ असं नावच पडलंय. त्याचा माथा वीस किलोमीटरपर्यंत जातो.

रात्री उलटा वारा. जमीन गार होते, हवा उताराने समुद्राकडे वाहते. हा वारा मंद असतो, सेकंदाला एक ते तीन मीटर, आणि उथळही, शे-तीनशे मीटरचा. किनाऱ्यामागे डोंगर असतील तर त्यावरून उतरणाऱ्या गार हवेने त्याला जोर येतो. पावसाने गार झालेली हवा त्यात मिसळली की आणखी. ही गार पाचर समुद्रावरच्या उबदार हवेखाली शिरते आणि पावसाची रांग किनाऱ्यापासून बाहेर, समुद्राकडे सरकायला लागते.

इथे हिशोब करून बघण्यासारखा आहे. गार हवेची पाचर सेकंदाला चार मीटरने, म्हणजे ताशी १४ किलोमीटरने गेली, तर संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत सुमारे १७० किलोमीटर जाईल. पण काही किनाऱ्यांवर पाऊस रात्रीतून याच्या दुपटीने-तिपटीने लांब गेलेला दिसतो. सुमात्राचा पश्चिम किनारा आणि कोलंबियाचा पॅसिफिक किनारा ही त्याची नेहमीची उदाहरणं. एवढं अंतर गार हवेने कापलं असं म्हणता येत नाही. तिथे काम करतात त्या दुपारच्या तापण्याने आणि ढगांनी सोडलेल्या उष्णतेने उठलेल्या हवेतल्या लाटा. या लाटा सेकंदाला १५ मीटरच्या आसपास, ताशी ५० किलोमीटरहून वेगाने समुद्राकडे जातात. जाताना दोन-तीन किलोमीटर उंचीवरची हवा त्या जराशी उचलतात, त्यामुळे ती किंचित गार होते आणि झाकण सैल पडतं. पाऊस त्या स्वतः आणत नाहीत, वाट मोकळी करतात. संध्याकाळी पाचला किनाऱ्यावरून निघालेली लाट मध्यरात्री पावणेचारशे किलोमीटरवर असते, आणि नेमकं तेव्हा समुद्राचं रात्रीचं घड्याळही अनुकूल झालेलं असतं.

मलाक्काच्या सामुद्रधुनीत तर सुमात्रा आणि मलाया या दोन्ही बाजूंचे रात्रीचे वारे एकमेकांना भेटतात. तिथला पाऊस पहाटेचा. एप्रिल ते नोव्हेंबरच्या काळात त्यातल्या वादळी रांगा नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर सिंगापूरवर येतात, पहाटेपासून सकाळपर्यंत. तेच सिंगापूर वर्षातल्या इतर दिवशी दुपारच्या सरींसाठी ओळखलं जातं. एकाच गावाची दोन घड्याळं असू शकतात, हे लक्षात ठेवण्याजोगं. बडोद्याकडे येताना उपयोगी पडेल. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावरही हाच खेळ: तीन बाजूंनी डोंगर, मध्ये उबदार पाणी, रात्रभर विजा. जगातली सर्वांत दाट विजांची जागा हीच.

आपल्याकडचा किनारा

भारतात एक गोष्ट वर येऊन बसते: मोसमी वारा. जुलैत अरबी समुद्रावरून दीड किलोमीटर उंचीवर सेकंदाला १५-२० मीटरने येणारा वारा खाऱ्या वाऱ्याला गिळूनच टाकतो. मुंबईत पावसाळा जोरात असताना वारा चोवीस तास समुद्राकडूनच असतो, रात्रीचा जमिनीकडचा वारा नावाला उरतो. म्हणून तिथे ठळक एकच वेळ सापडत नाही. तरी समुद्रावर पहाटे वाढलेले ढग तोच वारा किनाऱ्यावर आणतो, आणि मध्यरात्रीनंतर ते सकाळच्या लोकलच्या वेळेपर्यंतचा पाऊस तिथे चांगला उठून दिसतो. सह्याद्री ओलांडून पुण्याकडे उतरलात की घड्याळ संध्याकाळचं होतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात तर ते फारच स्पष्ट: दुपारी उकाडा, चार-पाचला काळोख, आठला चांदणं.

मोठ्या आपत्ती मात्र घड्याळ पाळत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी झाले, तेही बहुतांश दुपारनंतर. त्याच काळात कुलाब्याला ७३ मिमी. सरासरी वेळापत्रकावर विसंबून अशा दिवसाबद्दल काही बोलू नये.

पूर्व किनाऱ्यावर चेन्नई हा उत्तम नमुना. जून ते सप्टेंबर वरचा वारा पश्चिमेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. आतल्या भागात दुपारी झालेले ढग तो शहराकडे ढकलतो, वाटेत खाऱ्या वाऱ्याची आघाडी भेटते, आणि पाऊस संध्याकाळी उशिरा किंवा रात्री. ऑक्टोबरपासून वारा ईशान्येचा होतो, ढग समुद्रावरून येतात, आणि पावसाची वेळ रात्रीतून सकाळकडे सरकते. किनारा तोच, गाव तेच, फक्त वाऱ्याची दिशा बदलली. बंगालच्या उपसागरात पावसाचा पट्टा उत्तरेकडच्या किनाऱ्यालगत पहाटे-सकाळी जोरात असतो आणि दिवस चढेल तसा आग्नेयेला मध्य उपसागराकडे सरकतो. उपग्रहांच्या नोंदींवरून हे लक्षात आलं.

बडोद्याचं घड्याळ

खंभातच्या आखाताला मुंबईसमोरच्या समुद्रासारखा समुद्र समजणं ही पहिली चूक. ते अरुंद आहे, उथळ आहे, पलीकडे लगेच सौराष्ट्र आहे, आणि भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला भरती-ओहोटीची वेळ बघूनच जावं लागतं, हे बडोदेकरांना सांगायला नको. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि तो पाण्यापेक्षा लवकर तापतो. म्हणजे किनाऱ्याची रेषा दिवसातून दोनदा जागा बदलते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. सुमात्रासारखा रात्री शेकडो किलोमीटर बाहेर जाणारा पाऊस इथे तयार व्हायला जागाच नाही.

तरी खारा वारा येतो. अकराला जंबुसरच्या बाजूने निघाला आणि ताशी १४ किलोमीटरने चालला, तर साठ किलोमीटर कापून तीन-सव्वातीनला बडोद्यात. वेग कमी असेल तर पाच. मे महिन्यात संध्याकाळी जीवात जीव आणणारा जो नैऋत्येचा वारा असतो, त्यात याचा वाटा आहे. मग मेमध्ये पाऊस का पडत नाही? त्यासाठी ढगाचा तळ किती उंचीवर बसेल ते काढावं. सोपं सूत्र आहे: हवेचं तापमान वजा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते), गुणिले १२५, उत्तर मीटरमध्ये. मेच्या दुपारी ४१ अंश आणि दवबिंदू १७ असेल, तर २४ गुणिले १२५, म्हणजे तीन हजार मीटर. एवढ्या उंचीवर ढग झालाच, तरी त्यातून पडणारा थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतो आणि आपल्या वाट्याला येते फक्त धूळ. जूनच्या उत्तरार्धात ३६ आणि २५ झालं की तळ १,३७५ मीटरवर येतो. जुलैत ३१ आणि २५ असताना साडेसातशेवर. दवबिंदू कोणत्याही हवामान ॲपमध्ये सापडतो. आर्द्रतेची टक्केवारी बघण्यापेक्षा तो बघावा. टक्केवारी तापमानाबरोबर वरखाली होते आणि पहाटे नेहमीच घाबरवते.

जूनचा दुसरा पंधरवडा, आणि मग सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, या दोन काळांत बडोद्याचं घड्याळ जमिनीचं असतं. दुपारी तीनच्या पुढे ढग, चार ते आठ पाऊस, दहापर्यंत मोकळं. नवरात्र बरेचदा याच दुसऱ्या काळात येतं. गरबा रात्री नऊनंतरचा म्हणून लोक निर्धास्त असतात, पण अडचण आकाशाची नसते, जमिनीची असते: शंभर बाय शंभर मीटरच्या मैदानावर २० मिमी म्हणजे दोन लाख लिटर पाणी. संध्याकाळी सहाला पडलेलं एवढं पाणी नऊपर्यंत जाईल का, हे उतार आणि मातीवर ठरतं, हवामान खात्यावर नाही.

मधला काळ, जुलै-ऑगस्ट, वेगळा. तेव्हा दोन प्रकारचे दिवस असतात. हवामान खात्याच्या पत्रकात दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत द्रोणीय रेषा, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, असल्याचं आलेलं असेल आणि आसपास दुसरं काही नसेल, तर मुख्य पाऊस वलसाड-सुरतेकडे आणि बडोद्याला थांबून थांबून सरी; वेळ सैल, पण दुपारनंतर जरा जास्त. दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातून मध्य प्रदेशमार्गे येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा. अशा क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र इंदूर-उज्जैनजवळ आलं की बडोदे त्याच्या बरोबर त्याच अंगाला येतं. मग पाऊस रात्री दोनला येईल की दुपारी दोनला, हे सूर्य ठरवत नाही, केंद्राचा वेग ठरवतो. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात असंच खोल कमी दाबाचं क्षेत्र गुजरातवर रेंगाळलं, शहरातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. तेच पुढे अरबी समुद्रात ‘असना’ चक्रीवादळ झालं. अशा दिवशी ‘संध्याकाळपर्यंत थांबेल’ हा अंदाज कशाच्याही आधारावर करू नये. शिवाय नदीचं घड्याळ पावसाच्या मागे चालतं: पावागढच्या बाजूचं आणि आजवा तलावाचं पाणी शहरात यायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही पाणी चढत राहतं.

वेळ मोजायची तर

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतात, आणि पावसाने केलेले त्यातले थोडेच.

सुरुवात दिवसाच्या व्याख्येपासून. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ, आणि तारीख लिहिली जाते ती शेवटची. म्हणून ३१ जुलै २०१९ च्या दिवसा-रात्री बडोद्यात पडलेला सुमारे वीस इंच पाऊस खात्याच्या तक्त्यात १ ऑगस्टच्या नावावर सापडतो. राज्य सरकारच्या आपत्कालीन कक्षाचे तालुकावार आकडे सकाळी सहा ते सहा असतात आणि दिवसभरात दोन-दोन तासांचेही मिळतात. वेळेच्या अभ्यासाला हे दोन तासांचे आकडे सोन्यासारखे, पण साडेआठच्या आकड्यांशी त्यांची बेरीज जुळवायला जाऊ नये. पहाटे सहा ते साडेआठच्या दरम्यान जोरदार सर झाली की दोन्हींत एका दिवसाचा फरक पडणारच.

मग घड्याळ. स्वयंचलित यंत्रं आणि उपग्रहाच्या फायली बहुधा जागतिक वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुरुस्ती विसरली तर संध्याकाळी साडेपाचचा शिखरबिंदू भर दुपारी बारावर दिसतो, आणि तो इतका पटण्यासारखा दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. पहाटे साडेचारची सर तर आदल्या तारखेच्या रात्री अकराला जाऊन बसते. त्यापुढची दुरुस्ती सूर्याची. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, बडोदे ७३.२ अंशावर. फरक ९.३ अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३७ मिनिटं. जुलैच्या मध्याला पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लंबगोल कक्षेमुळे त्यात आणखी सहा मिनिटांची भर पडते आणि बडोद्याची खरी माध्यान्ह १२:४३ ला होते. कोलकात्याला ती जवळजवळ एक तास आधी होते. ‘बडोद्यात पाऊस पाचला, कोलकात्यात चारला’ असं दिसलं, तर सूर्याच्या हिशोबात तो एकाच वेळी आहे.

आता यंत्र. घरच्या किंवा शाळेच्या पातळीवर डुलत्या बादलीचं पर्जन्यमापक घेतात: इवलीशी दोन कप्प्यांची बादली भरली की कलंडते आणि एक नोंद होते. एका कलंडण्याला ०.२ किंवा ०.५ मिमी. वेळेसाठी ०.२ चं घ्यावं. ०.५ च्या यंत्रात तासाला अर्धा मिमी अशी रिमझिम असेल, तर पहिली नोंदच तासाभराने होते. पाऊस नऊला सुरू, यंत्र म्हणतं दहा. मात्र ०.२ च्या यंत्रात हिवाळ्यातलं दवही सकाळी एखादी नोंद करून जातं, तेव्हा एकट्यादुकट्या नोंदीला पाऊस मानू नये. जोराच्या पावसात उलटी चूक होते. तासाला १५० मिमीने कोसळत असेल तर ०.५ ची बादली दर बारा सेकंदांनी कलंडते, कलंडताना अर्धा सेकंद पाणी वाया जातं, आणि चार टक्के पाऊस गायब.

तपासणी घरी होते. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असेल तर एक लिटर पाणी म्हणजे ५० मिमी. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून एक लिटर पाणी तासाभरात उतरेल असं लावावं. ०.५ च्या बादलीच्या शंभर नोंदी यायला हव्यात. ब्याण्णव आल्या तर खालचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवून बादली लवकर कलंडेल असं करावं. एकच फिरवला तर एक कप्पा लहान आणि एक मोठा होतो. पाणी भसकन ओतून तपासणी करू नये, आकडा नेहमी कमीच येतो.

वेळेच्या दृष्टीने सर्वांत घातक बिघाड म्हणजे तुंबलेली नरसाळी. कडुनिंबाची पानं, कबुतरांची घाण, कोळ्याचं जाळं, काहीही पुरतं. संध्याकाळी पाचला अर्ध्या तासात ४० मिमी पडले, नरसाळीत साचले, आणि मग थेंबथेंब करत पहाटेपर्यंत बादलीत उतरले. बेरीज जवळपास बरोबर, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण नोंदीत मात्र संध्याकाळची वादळी सर रात्रभराची संततधार झालेली असते. ओळखायची खूण अशी: खऱ्या पावसात दोन नोंदींमधलं अंतर वेडंवाकडं असतं, तुंबलेल्या नरसाळीत ते एकसारखं असतं आणि तासागणिक हळूहळू वाढत जातं. असं दिसलं की त्या रात्रीची नोंद वेळेच्या हिशोबातून काढून टाकावी. जागा शक्यतो मोकळी जमीन, यंत्राचं तोंड ३० सेंटीमीटरवर, आणि जवळच्या झाड-भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर. गच्चीवर ठेवायचंच असेल तर कठड्यापासून दूर, कारण कठड्याजवळच्या भोवऱ्यात थेंब तोंडावरून उडून जातात. नोंदी साठवणाऱ्या उपकरणातली छोटी बॅटरी संपली की त्याचं घड्याळ जुन्या कुठल्या तरी सालावर जातं. डेटा उतरवताना दर वेळी फोनच्या वेळेशी ताडून बघावं आणि फरक लिहून ठेवावा.

आकडे हाती आल्यावर सरासरी काढायची तर नेहमीची बेरीज-भागाकार चालत नाही. तीन सारख्या सरी रात्री अकरा, एक आणि दोनला पडल्या. २३, १ आणि २ यांची सरासरी येते ८.६७, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या आत. त्या वेळी पाऊस पडलाच नाही. तास वर्तुळावर मांडावे लागतात. प्रत्येक तासाला १५ अंश. चार ते पाचमधला पाऊस साडेचारला, म्हणजे १६.५ गुणिले १५ अंशांवर धरायचा. पाऊस गुणिले त्या कोनाची कोसाइन, पाऊस गुणिले साइन, दोन्ही स्तंभांची बेरीज, त्यावरून कोन, भागिले १५. वरच्या तीन सरींचं उत्तर येतं रात्रीचे १२:४०. एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे: कोन आधी रेडियनमध्ये बदलावा लागतो, आणि कोन काढणाऱ्या सूत्रात आधी कोसाइनची बेरीज द्यायची, मग साइनची; बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत हा क्रम उलटा आहे. उत्तर ऋण आलं तर त्यात २४ मिळवायचे. दोन बेरजांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, भागिले एकूण पाऊस, हा आकडा एकाजवळ असेल तर घड्याळ पक्कं, शून्याजवळ असेल तर पावसाला वेळच नाही. किंवा दोन वेळा आहेत: निम्मा पहाटे चारला आणि निम्मा दुपारी चारला पडला तरी हा आकडा शून्यच येतो. म्हणून गणिताआधी तासांचा साधा स्तंभालेख काढून डोळ्यांनी बघावा.

पावसाची बेरीज आणि पावसाची वारंवारता वेगवेगळी ठेवावी. बडोद्याचा वर्षाचा पाऊस हजारेक मिमीच्या आतबाहेर. २०१९ सारखा एक दिवस त्यातला निम्मा खाऊन टाकतो, आणि दहा वर्षांची बेरीजही त्या दिवसाच्या तासांकडे झुकते. एखाद्या तासात किमान अर्धा मिमी पाऊस झाला असे दिवस किती, हे मोजणं जास्त भरवशाचं. एका हंगामात एका तासाच्या कप्प्यात फारशा नोंदी येतच नाहीत, तेव्हा तीन-तीन तासांचे आठ कप्पे करावेत, आणि जून, जुलै-ऑगस्ट, सप्टेंबर-ऑक्टोबर असे तीन गट वेगळे ठेवावेत. सगळं एकत्र केलं की बडोद्याची दोन घड्याळं एकमेकांना पुसून टाकतात.

उपग्रहाचे आकडे फुकट मिळतात आणि समुद्रावर तर दुसरं काही नाहीच. १९९७ च्या नोव्हेंबरात सोडलेल्या ‘ट्रम’ उपग्रहाने उष्ण कटिबंधातल्या पावसाच्या वेळा पहिल्यांदा नीट दाखवल्या; एखाद्या जागेवरून दिवसाच्या प्रत्येक वेळी एकदा जायला त्याला सुमारे दीड महिना लागायचा, म्हणून त्याचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र करूनच चित्र उभं राहतं. २०१४ पासून त्याची पुढची पिढी ‘जीपीएम’ आहे आणि त्यावर आधारलेले अर्ध्या तासाचे, दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटीतले आकडे मिळतात. इन्सॅटची अवरक्त चित्रं मात्र जपून वाचावीत. त्यांत दिसतो तो ढगाचा गार माथा. पाऊस ओसरल्यावर माथ्याची चादर आणखी पसरत असते, म्हणून सर्वांत भीतिदायक पांढरा डाग बहुधा पाऊस होऊन गेल्यावर दोनेक तासांनी दिसतो.

फोनवरच्या ॲपचा दोष नेमका उलट्या दिशेचा. त्यामागची जागतिक प्रारूपं, म्हणजे संगणकावरची हवामानाची गणितं, ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटीची. एवढ्या चौकटीत एकेक गडगडाटी ढग मावत नाही, म्हणून तो सूत्राने आणावा लागतो, आणि जमीन तापली की सूत्र पाऊस पाडून मोकळं होतं. झाकण फुटायला, हवा दमट व्हायला लागणारे ते तीन-चार तास त्यात पुरते उतरत नाहीत. चार किलोमीटर किंवा त्याहून बारीक चौकटीच्या प्रारूपांत ही चूक बरीच कमी होते; भारताचं २०२५ मध्ये सुरू झालेलं सहा किलोमीटरचं प्रारूप त्याच दिशेचं पाऊल आहे. तोवर जूनच्या उत्तरार्धात किंवा नवरात्राच्या सुमारास ॲपने दुपारी एकला ढगातून थेंब पडताना दाखवले, तर ते तीन-चारला धरावेत. पत्रकात कमी दाबाचं क्षेत्र पश्चिम मध्य प्रदेशावर असल्याचं आलं असेल, तर ही वजाबाकी-बेरीज करू नये. त्या दिवशी तासातासाचं चिन्ह सोडून चोवीस तासांची बेरीज आणि आजव्याची पातळी बघावी.